री ओढणारे सर्व्हर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : डेटाबेस रेप्लिकेशन आणि डीआर

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न पोस्टग्रेस वापरणाऱ्यांचे आहेत, थोडे मायएसक्यूएलवाल्यांचे. (दोन्ही डेटाबेस चालवणारी सॉफ्टवेअर.) रेप्लिकेशन म्हणजे मुख्य सर्व्हरवरचा प्रत्येक बदल दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे रेप्लिकेवर, सतत उतरवत राहणं. डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी : मुख्य ठिकाण बंद पडलं तर काम हलवायची दुसरी जागा. सेटिंगची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. फाइलमध्ये ती मूळ रोमन स्पेलिंगनेच, अंडरस्कोअरसकट लिहायची.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत पोस्टग्रेस १५ चा मुख्य सर्व्हर आहे आणि शेजारच्या रॅकमध्ये त्याची स्ट्रीमिंग रेप्लिका. रेप्लिका क्षणोक्षणी अद्ययावत असते, मग बॅकअपवर वेगळा खर्च कशाला, असं संचालक मंडळ विचारतंय. काय सांगू? (आयटी अधिकारी, सांगली)

उत्तर : दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी कोणीतरी एका खात्याचा व्याजदर बदलायला अपडेट चालवलं आणि व्हेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) लिहायचं राहिलं, असं समजा. सगळ्या खात्यांचा दर बदलला. कमिट झाल्यावर, म्हणजे बदल पक्का झाल्यावर, हाच बदल शेजारच्या रॅकमध्ये पोहोचायला एक-दोन मिलिसेकंद पुरतात. भजनात टाळकरी बुवांची री ओढतात. बुवांनी चुकीचं कडवं उचललं तर कोणी टाळ थांबवून विचारत नाही. रेप्लिकाही तशीच. यंत्र बंद पडलं तर ती वाचवते, माणूस चुकला तर नाही.

तुमच्या संस्थेच्याच भाषेत सांगायचं तर पोस्टग्रेसची वॉल फाइल म्हणजे रोजकीर्द आणि डेटा फाइल म्हणजे खातेवही. आधी रोजकिर्दीत नोंद, मग खतावणी. रेप्लिका ही चालू रोजकीर्द वाचून खतावणी करत जाते. बॅकअपमध्ये एका ठरावीक दिवसाची पूर्ण खातेवही असते आणि त्यानंतरची प्रत्येक रोजकीर्द जपून ठेवलेली असते, म्हणून ३ वाजून ११ मिनिटांपर्यंतचीच खतावणी करून थांबता येतं. रेप्लिकेला हे मागे जाणं जमत नाही.

यासाठी आठवड्यातून एकदा पीजी_बेसबॅकअप किंवा पीजीबॅकरेस्टने पूर्ण प्रत घ्या आणि आर्काइव्ह_मोड चालू ठेवून वॉल फाइली दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर पाठवत राहा. प्रत्येक वॉल फाइल १६ एमबीची असते आणि ती भरल्याशिवाय आर्काइव्हला जात नाही. पतसंस्थेसारख्या कमी वर्दळीच्या ठिकाणी ती भरायला तास-दोन तास लागू शकतात आणि तेवढी उलाढाल आर्काइव्हबाहेर राहते. म्हणून आर्काइव्ह_टाइमआउट ३०० सेकंद ठेवा. सतत नोंदी होत असतील तर दिवसाला २८८ फाइली, म्हणजे साधारण ४.६ जीबी होतील. पण अर्धवट भरलेल्या फाइली कॉम्प्रेस केल्यावर खूपच लहान होतात.

हमखास चूक होते ती आर्काइव्ह_कमांडच्या, म्हणजे वॉल फाइल आर्काइव्हला पाठवणाऱ्या आज्ञेच्या, स्क्रिप्टमध्ये. कॉपीची ओळ लिहिली आणि खाली 'झालं' अशी लॉगची ओळ टाकली, तर कॉपी फसली तरी स्क्रिप्ट शून्य, म्हणजे 'यशस्वी', असंच परत देते, कारण शेवटची ओळ यशस्वी झालेली असते. पोस्टग्रेस समजतो की फाइल पोहोचली आणि स्वतःकडची काढून टाकतो. मधली एक फाइल नसली तरी रिकव्हरी तिथेच अडते, पुढच्या हजार फाइली असून नसल्यासारख्या.

चूक दुरुस्त करायची वेळ आली तर मुख्य सर्व्हरला हात लावू नका. वेगळ्या यंत्रावर पूर्ण प्रत उतरवा, रिस्टोअर_कमांड (आर्काइव्हमधून वॉल फाइली परत आणणारी आज्ञा) भरा, रिकव्हरी_टार्गेट_टाइममध्ये १५:११:५० लिहून त्यापुढे +०५:३० टाका, रिकव्हरी.सिग्नल नावाची रिकामी फाइल ठेवा आणि सुरू करा. +०५:३० विसरलात आणि सर्व्हर यूटीसीवर असला तर साडेपाच तासांचा घोळ होतो. ठरलेल्या वेळेला सर्व्हर वाचनासाठी उघडा राहून थांबतो. खात्री करून घ्या, हवं ते टेबल पीजी_डंपने काढा आणि मुख्य सर्व्हरवर वेगळ्या नावाने भरा. मग फक्त बिघडलेला रकाना जुळवून दुरुस्त करा. ३ वाजून १२ मिनिटांनंतरचे खरे व्यवहार शाबूत राहतात.

रिकव्हरी_मिन_अप्लाय_डिले ४ तासांचा देऊन एक मुद्दाम मागे चालणारी रेप्लिकाही ठेवता येते. वॉल लगेच येते, खतावणी चार तासांनी होते, म्हणजे चूक वेळेत कळली तर रिप्ले थांबवून वाचता येतं. चार तासांची वॉल मावेल इतकी डिस्क तिला द्या. मात्र ही रेप्लिका सिंक्रोनस (म्हणजे जिच्या पावतीची कमिट वाट पाहतो अशा रेप्लिकांच्या) यादीत घालून सिंक्रोनस_कमिटला रिमोट_अप्लाय (तिकडे खतावणी होईपर्यंत थांबा) लावलंत, तर प्रत्येक कमिट चार तास थांबेल.

संचालकांना दाखला हवा असेल तर गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा द्या. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मागे पडलेली रेप्लिका नव्याने उभी करताना चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, डेटाची डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे ३०० जीबी गेले. रोजचा डंप (डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) पोस्टग्रेस ९.६ च्या डेटाबेसवर ९.२ ची आज्ञा चालवत असल्यामुळे निघतच नव्हता, आणि तो निघत नसल्याच्या ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) होता, म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबलं. ही सगळी हकीकत कंपनीने स्वतःच जाहीर केली.

प्रश्न : ग्राहकाने करारात 'आरपीओ शून्य' लिहिलं आहे. मुख्य डेटाबेस मुंबईत, डीआर हैदराबादला. सिंक्रोनस रेप्लिकेशन लावावं का? (सॉफ्टवेअर कंपनी, पुणे)

उत्तर : नव्या वाचकांसाठी : आरपीओ म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तरी चालेल, आणि आरटीओ म्हणजे किती वेळात पुन्हा सुरू व्हायचं. (लायसन्सवालं आरटीओ ते वेगळं, जरी दोन्हीकडे लागणारा वेळ कागदावरच्या वेळेशी क्वचितच जुळतो.)

आता अंतराचा हिशेब. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण केबल रस्ते आणि रूळ धरून जाते. ९०० किलोमीटर धरा : जायला साडेचार मिलिसेकंद, यायला तेवढेच. मधली उपकरणं आणि पलीकडे डिस्कवर लिहिण्याचा वेळ मिळवून १२ मिलिसेकंद धरू. एका कनेक्शनवरून एकामागून एक कमिट केले तर सेकंदाला ८३ च्या वर जाता येणार नाही. रात्री ५०,००० नोंदींचं काम प्रत्येक नोंदीला कमिट करत असेल तर नुसत्या वाट पाहण्यात १० मिनिटं जातील. तेच ५०० नोंदींना एक कमिट केलं तर १०० कमिट, म्हणजे सव्वा सेकंद. सिंक्रोनसमुळे 'सिस्टीम स्लो झाली' अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा या एका लूपमध्ये असतं.

दुसरी अडचण कमी दिसते पण जास्त छळते. कमिट पलीकडच्या पावतीची वाट पाहत असताना त्याने बदललेल्या ओळी इतरांना बदलू न देणारी कुलुपं सुटत नाहीत. प्रत्येक व्यवहार एकाच सस्पेन्स खात्याची ओळ बदलत असेल, तर कनेक्शन दोनशे असोत की दोन हजार, त्या ओळीवर सेकंदाला ८३ बदलच होणार.

सिंक्रोनस_कमिट दर व्यवहाराला बदलता येतं, ही सोय फार थोडे वापरतात. रिमोट_राइट म्हणजे पलीकडच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली केलं, ऑन म्हणजे पलीकडच्या डिस्कवर पक्कं लिहिलं, रिमोट_अप्लाय म्हणजे तिकडे वाचणाऱ्यालाही दिसू लागलं. पैशाच्या व्यवहाराला ऑन ठेवा. लॉगिनच्या नोंदी, सूचना वाचल्याच्या खुणा यांना त्या व्यवहारापुरतं लोकल करा.

एकच सिंक्रोनस रेप्लिका ठेवू नका. ती बंद पडली की मुख्य सर्व्हर त्रुटी देत नाही, नुसता थांबून राहतो. स्क्रीन गोठते आणि सगळे नेटवर्कवाल्याला फोन करत बसतात. सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्समध्ये 'एनी १' लिहून कंसात दोन रेप्लिकांची नावं द्या. पोस्टग्रेस १० पासून हे चालतं. अडकलेला कमिट कोणी रद्द केला तर पोस्टग्रेस इशारा देतो की नोंद इथे पक्की झाली आहे, पलीकडे गेली नसेल. बहुतेक अॅप्लिकेशन हा इशारा वाचतच नाहीत. तेव्हा शून्य आरपीओलाही ही एवढी फट आहे.

मायएसक्यूएलच्या सेमी-सिंकमध्ये (त्यातली पावती घेण्याची पद्धत) उलटा धोका आहे. पावती आली नाही तर तो मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंद वाट पाहतो आणि मग गुपचूप असिंक्रोनस होतो, म्हणजे पावतीची वाट पाहणं सोडतो. सगळं सुरळीत दिसतं, फक्त करारातलं शून्य आता शून्य नसतं. सेमी-सिंकच्या स्थितीचा व्हेरिएबल ऑफ झाला की अलार्म वाजलाच पाहिजे.

तुमच्यासाठी आमचं मत असं : सिंक्रोनस जोडी मुंबई परिसरातच, हैदराबादला असिंक्रोनस, आणि करार दोन ओळींत फोडून घ्या. एक सर्व्हर किंवा एक इमारत गेली तर आरपीओ शून्य, अख्खं शहर गेलं तर एक मिनिट. मुंबईतली दोन ठिकाणं निवडताना ती एकाच वीज उपकेंद्रावर आणि एकाच सखल पट्ट्यात नाहीत ना ते पाहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज एकदम गेली. जनरेटर तळघरात असेल तर पहिला दाखला तुमच्यासाठीच आहे.

क्लाउडवर असाल तर एवढं लक्षात ठेवा की अॅमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेमध्ये मल्टी-एझेड ही त्याच रीजनमधली (एका भागातल्या डेटा सेंटरांच्या समूहातली) सिंक्रोनस जोडी आहे आणि दुसऱ्या रीजनमधली रीड रेप्लिका असिंक्रोनस. दोन्ही घेतलंत तरच वरच्या दोन ओळी भरतात.

प्रश्न : डीआरचा सर्व्हर दुरुस्तीला काढला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे मुख्य सर्व्हरचीच डिस्क भरून डेटाबेस बंद पडला. संबंध काय? (वाचक, नाशिक)

उत्तर : रेप्लिकेशन स्लॉट. डीआरने जिथपर्यंत वाचलं आहे तिथपासूनची एकही वॉल फाइल टाकायची नाही, असं वचन मुख्य सर्व्हर स्लॉटच्या रूपाने देतो. डीआर बंद असला तरी वचन चालू राहतं. मिनिटाला ५ फाइली होत असतील तर ८० एमबी, दिवसाला ११५ जीबी. तीन दिवसांत ३४५.

पोस्टग्रेस १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज आहे. मूळ किंमत उणे एक, म्हणजे मर्यादा नाही. ती वॉलच्या डिस्कच्या साठ टक्क्यांपर्यंत आणा. मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो आणि मुख्य सर्व्हर जगतो. बाद झालेल्या डीआरला आर्काइव्हमधून फाइली मिळाल्या तर तो त्या वाचून पुन्हा जोडला जाऊ शकतो, नाहीतर नव्याने प्रत घ्यावी लागते. स्लॉट वापरत असलात तरी आर्काइव्ह चालू ठेवायचं ते यासाठी.

डिस्क भरली असताना पीजी_वॉल फोल्डरमधल्या फाइली हाताने उडवू नका. त्या 'लॉग' नाहीत, रोजकीर्द आहे. चालू असलेल्या डेटाबेसची शेवटची काही पानं फाडली की तो पुन्हा उभा राहील याची खात्री नाही. डिस्कवर आधीच ५ जीबीची एक भरताड फाइल टाकून ठेवायची. प्रसंग आला की ती उडवायची, सर्व्हर सुरू करायचा, पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये ॲक्टिव्ह रकान्यात 'फॉल्स' (म्हणजे चालू नाही) दाखवणारा स्लॉट शोधून काढून टाकायचा आणि चेकपॉइंट (रोजकिर्दीतलं सगळं खातेवहीत उतरवणं) चालवायचा. मग जागा आपोआप मोकळी होते. यंत्र दुरुस्तीला पाठवताना स्लॉट काढणं हे चेकलिस्टमध्येच हवं.

प्रश्न : फेलओव्हर (मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर दुसऱ्याला मुख्य करणं) आपोआप व्हावा की माणसाने करावा? आमच्याकडे दोन ठिकाणी एकेक सर्व्हर आहे आणि संपर्क तुटला की डीआरने स्वतः मुख्य व्हावं अशी स्क्रिप्ट लिहायचा विचार आहे. (सिस्टीम ॲडमिन, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ही स्क्रिप्ट लिहू नका. दोनच ठिकाणं असतील तर समोरचा मेला की मधली केबल तुटली, हे डीआरला कळण्याचा मार्गच नाही. केबल तुटली असेल तर मुख्य सर्व्हर तिकडे मजेत नोंदी घेतोय आणि डीआरही स्वतःला मुख्य समजून नोंदी घेऊ लागतो. एका फडावर दोन शाहीर, दोघंही मुख्य. संपर्क जोडला गेल्यावर दोन्हीकडे पावती क्रमांक ४५०१ असतो, वेगवेगळ्या माणसांच्या नावावर. हे जुळवायला कोणतीही आज्ञा नाही, हाताने बसून सोडवावं लागतं.

याचा मोठा दाखला गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेचा आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला ऑप्टिकल उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने पश्चिम किनाऱ्यावरचे मायएसक्यूएल सर्व्हर मुख्य केले. पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी राहिल्या होत्या ज्या पश्चिमेला पोहोचल्या नव्हत्या, पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या, त्यामुळे सरळ मागे फिरताही येईना. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंद काहीच केलं नसतं तर प्रकरण मिनिटांत मिटलं असतं.

आपोआप हवं असेल तर तिसरा साक्षीदार लागतो. पोस्टग्रेससाठी पॅट्रोनी आणि ईटीसीडी ही रुळलेली जोडी आहे : पॅट्रोनी फेलओव्हर सांभाळतो, ईटीसीडी पुढारी, म्हणजे मुख्य सर्व्हर, कोण याची नोंद ठेवतं. ईटीसीडीचे तीन सदस्य तीन वेगळ्या ठिकाणी : दोन तुमच्या दोन जागी आणि तिसरा कुठेतरी लहानशा भाड्याच्या यंत्रावर. तीनपैकी दोघांचं एकमत झालं तरच पुढारी ठरतो. पॅट्रोनीच्या मूळ सेटिंगनुसार पुढारीपणाची किल्ली ३० सेकंदांची असते आणि दर १० सेकंदांनी नूतनीकरण होतं. मुख्य सर्व्हरला नूतनीकरण जमलं नाही तर तो स्वतःहून पायउतार होतो, आणि खरी मेख तीच आहे : नवा येण्याआधी जुन्याने खुर्ची सोडलेली असते. ईटीसीडीला डेटाबेसच्याच डिस्कवर ठेवू नका. मोठा बॅकअप चालू झाला की डिस्क लिहायला उशीर लावते, ठोके चुकतात आणि धडधाकट सर्व्हर असताना विनाकारण निवडणुका होतात.

शहर बदलणारा फेलओव्हर मात्र माणसाच्याच हातात ठेवा. तुमच्या दोन सर्व्हरच्या मांडणीत तर हाच एक पर्याय आहे. जबाबदार माणसाने मुख्य ठिकाणी फोन करून खात्री करायची, जुना सर्व्हर खरोखर बंद करायचा किंवा त्याचं नेटवर्क पोर्ट स्विचवरून उतरवायचं, आणि मगच डीआरवर पीजी_प्रमोट चालवायचं, म्हणजे त्याला मुख्य करायचं.

जुना सर्व्हर परत आल्यावर त्याला रेप्लिका म्हणून जोडायला पीजी_रिवाइंड आहे. त्यासाठी वॉल_लॉग_हिंट्स किंवा डेटा चेकसम आधीपासून चालू असावे लागतात. प्रसंग आल्यावर लावून उपयोग नाही. रिवाइंड जुन्यावरच्या जास्तीच्या नोंदी पुसतं, म्हणून आधी त्याची डेटा डिरेक्टरी बाजूला कॉपी करा. पुसलेल्या त्या सात-आठ पावत्या नंतर कोणीतरी मागणारच असतं.

अॅप्लिकेशनच्या कनेक्शनमध्ये दोन्ही सर्व्हरचे पत्ते लिहा आणि टार्गेट_सेशन_ॲट्र्सला रीड-राइट द्या. लिबपीक्यू (पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) १० पासून ते लिहिता येणारा सर्व्हर स्वतः शोधतं. सोबत कनेक्ट_टाइमआउट ३ सेकंद. तो दिला नाही तर मेलेल्या पत्त्यासाठी लिनक्स मूळ सेटिंगप्रमाणे सव्वादोन मिनिटांच्या आसपास दार वाजवत राहतं आणि फेलओव्हर अर्ध्या मिनिटात होऊनही लोकांना बंदच दिसतं.

प्रश्न : रेप्लिकेवर मोठा रिपोर्ट चालवला की 'रिकव्हरीशी संघर्ष' म्हणून क्वेरी मध्येच तुटते. (वाचक, पणजी)

उत्तर : मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूमने टाकून दिलेल्या जुन्या ओळी तुमचा रिपोर्ट अजून वाचतोय. रेप्लिका ३० सेकंद थांबते आणि मग क्वेरी तोडते. मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले वाढवलं तर तेवढा वेळ रेप्लिका मागे पडेल. हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू केलं तर मुख्य सर्व्हर त्या ओळी टाकायचं थांबेल, मग तिथे कचरा साचून टेबलं फुगतील. डीआरची रेप्लिका आणि रिपोर्टची रेप्लिका वेगळी ठेवा. रिपोर्टवाल्या रेप्लिकेचा डिले एक तास करा आणि डीआरला कोणी क्वेरीसाठी हात लावणार नाही असं बघा.

प्रश्न : रेप्लिका नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभी केली. तिथे काही खातेदार नावाने शोधले तर सापडत नाहीत, पण पूर्ण यादी काढली तर दिसतात! डेटा खराब झाला का? (आयटी विभाग, कोल्हापूर)

उत्तर : डेटा नाही, इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची). आणि खराब म्हणण्यापेक्षा परका झालाय. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस सहसा स्वतः ठरवत नाही, लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. रेडहॅट ७ वर २.१७ आहे, रेडहॅट ८ वर २.२८, डेबियनमध्ये १० पासून नवा. फिजिकल रेप्लिकेशनमध्ये इंडेक्स बाइट-न्-बाइट तसाच येतो, म्हणजे मुख्य सर्व्हरने जुन्या क्रमाने रचलेलं कपाट. नवा सर्व्हर नव्या क्रमाने त्यात नाव शोधतो आणि चुकीच्या खणात हात घालतो. पूर्ण यादी काढताना इंडेक्स लागत नाही, म्हणून सगळे दिसतात.

खात्री एका मिनिटात होते. दोन्ही यंत्रांवर इंग्रजी आकड्यांत १-१ आणि ११ अशा दोन ओळी एका फाइलमध्ये टंका आणि लोकेल एन_यूएस.यूटीएफ-८ ठेवून सॉर्ट आज्ञेला द्या. जुन्यावर ११ आधी येतो, नव्यावर १-१. शाखा-खाते असा मधे रेघ असलेला क्रमांक मजकूर म्हणून साठवत असाल तर हा फरक थेट तुमच्या खाते क्रमांकांना लागू होतो.

रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने रचणं) करून सुटत नाही, कारण रेप्लिकेवर ते चालतच नाही आणि मुख्य सर्व्हरवर केलं तर क्रम जुनाच राहतो. फिजिकल रेप्लिकेशनमध्ये दोन्हीकडे जीलिबसी एकच हवं, म्हणून रेप्लिका जुन्याच आवृत्तीवर परत उभी करा. या रेप्लिकेला चुकून मुख्य केलंत तर प्रकरण गंभीर होतं : युनिक बंधन असलेल्या रकान्यातही दुहेरी नोंदी शिरतात, कारण आधीची नोंद इंडेक्सला सापडतच नाही. तसं आधीच झालं असेल तर दुहेरी नोंदी शोधून काढल्याशिवाय रीइंडेक्स पूर्ण होणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलायचीच असेल तर लॉजिकल रेप्लिकेशन वापरा. पोस्टग्रेस १० पासून ते अंगभूत आहे. त्यात बाइट न जाता ओळी जातात, त्यामुळे नवा सर्व्हर आपला इंडेक्स आपल्या क्रमाने रचतो. त्याची पथ्यं तीन. प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) हवी, नाहीतर त्यावरचं अपडेट मुख्य सर्व्हरवरच नाकारलं जातं. टेबलाची रचना बदलली तर तो बदल दोन्हीकडे हाताने करायचा. आणि सीक्वेन्सचे, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे, आकडे सोबत येत नाहीत : नव्या सर्व्हरवर गेल्यावर पहिली पावती १ क्रमांकाने फाडायचा प्रयत्न होतो आणि की आधीच असल्याची त्रुटी येते. बदली करताना प्रत्येक सीक्वेन्स जुन्याच्या आकड्यात हजारभर मिळवून पुढे सरकवा.

प्रश्न : मायएसक्यूएलच्या रेप्लिकेवर 'सेकंद्स बिहाइंड सोर्स' (मुख्य सर्व्हरच्या किती सेकंद मागे) शून्य आहे, तरी अर्ध्या तासाच्या नोंदी नाहीत. (वाचक, ठाणे)

उत्तर : तो आकडा हातात आलेल्या लॉगपैकी किती लावायचा राहिलाय तेवढंच सांगतो. मुळात लॉगच यायचा थांबला असेल, लाइन अर्धमेली असेल, तर राहिलेलं काम शून्यच. मुख्य सर्व्हरवर एका छोट्या टेबलात दर सेकंदाला वेळ लिहा आणि रेप्लिकेवर ती वाचून घड्याळाशी ताडा. पीटी-हार्टबीट हे साधन हेच करतं. दोन्ही यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत. पोस्टग्रेसवाल्यांची गोष्ट उलटी असते : शेवटच्या रिप्लेची वेळ वजा करून मोजलं तर रात्री व्यवहार नसताना उगाचच मोठा लॅग, म्हणजे मागे पडलेला वेळ, दिसतो आणि अलार्म झोपमोड करतो. हार्टबीट टेबल तिथेही चालतं.

प्रश्न : डीआर ड्रिल (डीआरवर हलण्याचा सराव) नेमकी कशी करावी? ऑडिटरला फक्त अहवाल हवा असतो, पण आम्हाला खरी करायची आहे. (सहकारी बँक, सातारा)

उत्तर : सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करा आणि सुट्टीनंतरचा कामाचा दिवस पूर्ण डीआरवरच काढा. दहा मिनिटांच्या ड्रिलमध्ये लॉगिन होतं, टाळ्या वाजतात आणि दिवसअखेरची प्रक्रिया कोणी चालवलेलीच नसते. मुख्य सर्व्हरला १६ कोअर आणि डीआरला ४ असतील तर ते डे-एंडलाच कळतं.

क्रम असा. अॅप्लिकेशन थांबवा. पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये पाठवलेला आणि रिप्ले झालेला आकडा एक झाला का पाहा. मुख्य सर्व्हर 'फास्ट' पद्धतीने बंद करा. बंद होताना तो उरलेली वॉल जोडलेल्या रेप्लिकेला पोहोचवतो. मग जुन्यावर पीजी_कंट्रोलडेटा चालवून शेवटच्या चेकपॉइंटची जागा लिहून घ्या आणि डीआरवर पोहोचलेली जागा त्याच्या पुढे आहे ना ते ताडा. मागे असेल तर तिथेच थांबा. जुळलं तर पीजी_प्रमोट. प्रत्येक पायरीची वेळ घड्याळ पाहून कागदावर लिहा. तुमचा खरा आरटीओ त्या कागदावरून निघतो. ठरवायला गेलेली वेळही त्यात धरा. 'आत्ता हलवायचं की अजून पंधरा मिनिटं थांबायचं' या चर्चेत तांत्रिक कामापेक्षा जास्त वेळ जातो. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले आणि दुपारी ३:४५ ला सुरू झाले. डीआर असूनही तिकडे हलवलं गेलं नाही, आणि ते का, असं सेबीने विचारलं.

प्रमोट झाल्यावर एक भरणा, एक रक्कम काढणं, एक पासबुक छपाई, एक एसएमएस. एसएमएस इथेच अडतो, कारण पलीकडच्या सेवादाराने फक्त मुख्य ठिकाणचा आयपी पत्ता मान्य केलेला असतो. पेमेंटच्या जोडण्यांचंही तेच. एन्क्रिप्शनची किल्ली आणि टीएलएस प्रमाणपत्र डीआरवर आहे का, मुदत संपलेली नाही ना, हे पाहा. वेळापत्रकावरची कामं डीआरवर एकतर नसतात, नाहीतर जुना सर्व्हर परत सुरू झाल्यावर दोन्हीकडे चालतात आणि व्याज दोनदा जमा होतं. नव्या मुख्य सर्व्हरवरून त्या रात्रीचा बॅकअप आणि वॉल आर्काइव्ह खरोखर निघतंय का, तेही त्याच दिवशी तपासा. डीआरवर गेल्यावर बॅकअप बंद आणि कोणाला पत्ता नाही, ही नेहमीची स्थिती असते.

वर्षातून दोन ड्रिल, आणि दर महिन्याला एक बॅकअप वेगळ्या यंत्रावर उतरवून टेबलांच्या ओळी मोजणं. पायऱ्यांची यादी, फोन नंबर आणि कोण निर्णय घेणार त्याचं नाव हे सगळं छापून दोन्ही ठिकाणच्या कपाटात ठेवा. बहुतेकांची ती यादी ज्या सर्व्हरवर असते, तोच त्या दिवशी बंद असतो.